दोन प्रकारचे भय

भयपट मला आवडतात. रक्तदाब मोजणाऱ्या आणि शांत झोपेचे महत्त्व सांगणाऱ्या डॉक्टरने असे म्हणावे, याचे माझ्या रुग्णांना नवल वाटते. ही आवड जुनी आहे. 1993 साली दूरचित्रवाणीवर ‘झी हॉरर शो’ सुरू झाला, तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयातील आम्ही मुले वसतिगृहाच्या एकुलत्या एका टीव्हीपुढे दाटीवाटीने बसत असू. शवविच्छेदनाच्या दालनात प्रेतांच्या सान्निध्यात वावरलेली ही मंडळी, पण कार्यक्रम संपल्यावर व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या स्वच्छतागृहाकडे एकटा जाण्यास कोणी धजावत नसे. पुढे राम गोपाल वर्मांचा ‘भूत’ आला, 2018 साली ‘तुंबाड’ आला. दोन्ही मी चित्रपटगृहात जाऊन पाहिले आणि दोन्ही वेळा घरी येऊन स्वस्थ झोपलो.

हे स्वास्थ्य कोठून येते, हे समजून घेण्यासारखे आहे. पडद्यावर दार करकरते, तेव्हा मेंदूतील अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग विचाराची वाट न पाहता धोक्याचा इशारा देतो. ॲड्रिनॅलिन स्रवते, नाडी जलद होते, तळहातांना घाम सुटतो. त्याच वेळी मेंदूचा पुढचा, विवेक करणारा भाग सांगत असतो की आपण खुर्चीवर बसलो आहोत, शेजारी भाऊ आहे आणि हातात मक्याच्या लाह्या आहेत. शरीर घाबरते आणि मन त्या घाबरण्याकडे काहीशा कौतुकाने पाहते. दिवे लागल्यावर ही उत्तेजना ओसरायला थोडा अवकाश लागतो. म्हणूनच बाहेर पडताना लोक मोठमोठ्याने बोलतात, हसतात. भयपटाचे भय असे मुदतीचे असते. तिकिटाचे पैसे दिले की त्याची आपल्याकडून दुसरी कोणतीही मागणी नसते.

लहान मुलांची गोष्ट मात्र वेगळी आहे. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला खरे आणि रचलेले यांतील सीमारेषा पुरती उमगलेली नसते. ‘ते खोटे आहे रे’ असे सांगून त्याचे भय जात नाही. चित्रपटांच्या प्रमाणपत्रांत आता ‘यूए’ या गटाचे 7, 13 आणि 16 वर्षे असे वयानुसार टप्पे केलेले आहेत, ते पालकांनी जरूर पाहावेत. हृदयविकार असलेल्यांनी किंवा ज्यांना भीतीचे झटके येतात त्यांनीही हा छंद दूर ठेवलेला बरा. याहून अधिक तक्रार भयपटांविरुद्ध माझ्यापाशी नाही.

माझी तक्रार आहे ती दुसऱ्याच एका भयाविषयी. चित्रपटगृहात जाण्याची गरज नाही. ते घरबसल्या, बहुधा रात्री अकरानंतर, दूरचित्रवाणीवर आणि आता दिवसभर मोबाइलवर येते. आधी एक उद्ध्वस्त कुटुंब दाखवतात: नोकरी गेलेला मुलगा, अंथरुणाला खिळलेले वडील, लग्न मोडलेली कन्या. मग गंभीर आवाजात निदान होते. नजर लागली आहे, वास्तूत दोष आहे, पितर असंतुष्ट आहेत. पाठोपाठ मंतरलेले यंत्र, कवच किंवा अंगठी येते. किंमत हजारांत, हप्त्यांची सोय, आणि आजच्या आज दूरध्वनी करण्याची घाई. गंडे-ताईत आणि फुंकलेले पाणी विकणारे सर्वच धर्मांत आहेत; कोणा एका धर्माकडे बोट दाखवण्याचे कारण नाही.

आमच्या पिढीने याचे गरीब रूप पाहिले आहे. घरी एखादे पोस्टकार्ड येई: अशीच इतकी पत्रे लिहून पाठवा, लाभ होईल, फाडलेत तर अनर्थ ओढवेल. माणसे मुकाट्याने पत्रे लिहीत बसत. आज तोच मजकूर व्हॉट्सॲपवर ‘अकरा जणांना पाठवा’ म्हणून फिरतो. पोस्टकार्डात निदान विक्री नव्हती.

या भयाला शेवट नसतो, ही त्यातील वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत घातक बाब आहे. त्यात दिवे कधी लागतच नाहीत. पडद्यावरचे भूत पडद्यावर राहते; येथे मात्र धोका तुमच्याच घराच्या उंबरठ्याखाली असल्याचे सांगितलेले असते. सतत भयाखाली राहिलेल्या शरीरात कॉर्टिसॉलसारखी तणावाची संप्रेरके चढी राहतात, झोप तुटते, छाती धडधडते, रक्तदाब आणि साखर आटोक्यात येत नाही. कारण विचारले तर रुग्ण सांगत नाही, कारण सांगण्याचीच त्याला लाज वाटते.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहिणीला काही आठवडे रात्री छातीत धडधड होत होती. हृदयालेख ठीक, थायरॉइड ठीक, रक्तातील हिमोग्लोबिनही ठीक. तिसऱ्या भेटीत, उठता उठता, त्या बोलल्या. घराचे दार दक्षिणेला आहे. अशा घरातील कर्त्या पुरुषावर संकट येते असे त्यांनी जाहिरातीत ऐकले होते. त्यांच्या यजमानांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली होती, त्यामुळे प्रत्येक शब्द जिव्हारी लागला. यंत्र मागवले, हप्ते सुरू झाले. महिन्याचे पैसे पुरेनात म्हणून यजमानांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसाआड देणे सुरू झाले. ‘यंत्र आहे ना घरात!’ स्टेंट बसवल्यावर या गोळ्या खंडित झाल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. ते टळले, कारण त्यांनी वेळेवर तोंड उघडले.

येथे कोणी म्हणेल, डॉक्टरही भीती दाखवतातच की! आक्षेप रास्त आहे. सिगारेटच्या पाकिटावर 2016 पासून 85 टक्के भाग व्यापणारा इशारा आणि विदारक छायाचित्र असते, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण तो धोका तपासता येतो, त्यावरचा उपाय फुकट आहे, आणि तो उपाय केल्याने भय खरोखरच कमी होते. या तीन कसोट्या आमच्या व्यवसायालाही लावाव्यात. धडधाकट तरुणाला ‘उद्या उशीर होईल’ असे घाबरवून महागड्या तपासण्यांचे पॅकेज गळ्यात मारणारी जाहिरात यंत्र विकणाऱ्याच्याच पंगतीला बसते, असे मी मानतो.

श्रद्धेशी माझे भांडण नाही. शस्त्रक्रियेपूर्वी डोळे मिटून नामस्मरण करणाऱ्या रुग्णाची नाडी संथ झालेली मी बोटांखाली अनुभवली आहे. ज्या महाराष्ट्राने आपल्या देवाला माउली म्हटले, तेथे देवाच्या नावाने धमकी विकली जावी, हे मला डॉक्टर म्हणून नव्हे, तर मराठी माणूस म्हणून खुपते.

कायदाही याबाबत मुका नाही. चमत्कारी गुणाचा दावा करून रोग बरा करणाऱ्या ताईत, मंत्र, कवच यांच्या जाहिरातींना 1954 च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. पेशाने डॉक्टरच असलेल्या नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने देवादिकांच्या नावाने चमत्कारी यंत्रे विकणाऱ्या दूरचित्रवाणी जाहिराती याच कायद्याखाली बेकायदा ठरवल्या आणि त्या दाखवणाऱ्या वाहिन्यांनाही जबाबदार धरले. जाहिराती पुरत्या थांबल्या नाहीत, हे आपण पाहतोच.

मग घरात काय करावे? आई किंवा सासूबाई अशी जाहिरात पाहून गप्प झाल्या असतील, तर त्यांची थट्टा करू नये. थट्टेने भय जात नाही, ते लपते. ‘तुम्हांला नेमकी कोणाची काळजी वाटते?’ एवढे विचारावे. उत्तर बहुधा यंत्राविषयी नसते. नातवाच्या परीक्षेविषयी, मुलाच्या कर्जाविषयी, स्वतःच्या छातीतील एखाद्या गाठीविषयी असते, आणि ती गाठ त्याच आठवड्यात तपासून घ्यायची असते. आणलेली वस्तू फेकून द्या, असे मी सांगत नाही. ती देव्हाऱ्यात राहू द्यावी. पुढचे हप्ते मात्र थांबवावेत, आणि गोळ्यांच्या डबीत आजच्या तारखेचा कप्पा रिकामा झाला आहे की नाही, हे रात्री झोपण्यापूर्वी पाहावे.