फाइल रोज दिसायची, पण रिकामी : क्रॉन जॉब नीट समजून घेऊ या

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे दोनदा सांगितलं, ते इथे एकदाच ठेवलंय.)

आजचा विषय क्रॉन. म्हणजे सर्व्हरवरची एखादी स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी आपोआप चालवायची सोय. सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी एक छोटी वेबसाइट केली होती. सभासद कोण, कोणी कुठलं पुस्तक नेलं, परत कधी आलं, एवढंच. मागे पीएचपी आणि मायएसक्यूएल. रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट लिहिली, हाताने चालवून पाहिली, मस्त चालली. क्रॉनला लावली आणि विसरलो. कधीतरी फोल्डर उघडायचो, रोजच्या तारखेची फाइल दिसायची. बरं वाटायचं.

आठ महिन्यांनी एका रविवारी, टेस्टिंगचा डेटाबेस समजून मी खऱ्या डेटाबेसमधलं देवघेवीचं टेबल उडवलं. तरी घाबरलो नाही, बॅकअप होता ना! कालची फाइल उघडली, रिकामी. परवाची, रिकामी. पहिल्या रात्रीपासून सगळ्या फाइल्स शून्य बाइटच्या.

असं का झालं, ते कळायला क्रॉन काय करतो ते बघू.

क्रॉन जुनं काम आहे. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता. पुढे १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी तो नव्याने लिहिला, आणि आज अनेक लिनक्स सर्व्हरवर त्याचीच पिलावळ चालते. काम साधं. दर मिनिटाला उठायचं, यादी बघायची, या मिनिटाला काही करायचं असेल तर ते सुरू करून द्यायचं. त्या यादीला म्हणतात क्रॉनटॅब.

यादीतल्या प्रत्येक ओळीत आधी पाच खाने: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. मग कमांड. ज्या खान्यात स्टार, तिथे ‘कुठलंही चालेल’. म्हणजे ‘३०, २, स्टार, स्टार, स्टार’ याचा अर्थ रोज रात्री अडीच वाजता. वारात ० म्हणजे रविवार आणि ७ म्हणजेही रविवार. इथे एक गंमत आहे. तारीख आणि वार दोन्ही भरले, तर क्रॉन ‘दोन्ही जुळले पाहिजेत’ असं मानत नाही, ‘कुठलंही एक जुळलं तरी पुरे’ असं मानतो. १ तारीख आणि सोमवार लिहिलंत, तर काम दर एक तारखेला होईल आणि शिवाय दर सोमवारीही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. पुष्कळ सर्व्हर यूटीसी वेळेवर असतात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तिथे अडीच लिहिलं, की काम होणार आपल्याकडे सकाळी आठला, नेमकी लोकांची वर्दळ सुरू होताना. आपल्या रात्री अडीचसाठी तिथे लिहावं लागतं ‘०, २१’. तास बदलतो तसं मिनिटही बदलतं, हे आपण भारतातले लोक हमखास विसरतो.

आता माझी चूक. आपण लॉगिन करून कमांड चालवतो, तेव्हा ती कुठल्या कुठल्या फोल्डरमध्ये शोधायची, याची लांबलचक यादी आपल्या खात्याला दिलेली असते. तिला पाथ म्हणतात. क्रॉनला ती यादी मिळत नाही. त्याचा पाथ अगदी तोकडा, साधारण एकदोन फोल्डरांचा. आमच्या सर्व्हरवर बॅकअप काढणारा मायएसक्यूएल-डंप प्रोग्रॅम वेगळ्याच फोल्डरमध्ये होता. मला सापडायचा, क्रॉनला नाही.

मग फाइल कशी तयार व्हायची? स्क्रिप्टमध्ये ‘डंप काढ आणि या फाइलमध्ये ओत’ असं लिहिलं होतं. शेल आधी फाइल उघडून ठेवतं, मग कमांड शोधायला जातं. कमांड सापडली नाही तरी रिकामी फाइल तिथे असतेच.

क्रॉन चुकीचा संदेश मेलने पाठवू शकतो. पण मी नेटवरून उचललेल्या ओळीच्या शेवटी ‘सगळं आउटपुट डेव्ह-नलमध्ये टाक’ असं होतं. डेव्ह-नल म्हणजे तळ नसलेली कचराकुंडी. क्रॉन रोज रात्री ओरडत होता आणि त्याचं तोंड मीच दाबलं होतं.

तेव्हापासून मी काय करतो, ते सांगतो.

एक, कमांडचा आणि फाइलचा पत्ता पूर्ण लिहितो. क्रॉन आपल्या होम फोल्डरमधून काम सुरू करतो, त्यामुळे अर्धवट पत्ते फसतात.

दोन, आउटपुट लॉग फाइलमध्ये जातं, कचऱ्यात नाही.

तीन, दर पाच मिनिटांचं काम कधी सात मिनिटं लागलं, तर पहिलं संपायच्या आत दुसरं सुरू होतं आणि लोकांना एकच ईमेल दोनदा जातो. म्हणून एफ-लॉकने कुलूप लावतो. पहिलं चालू असेल तर दुसरं मुकाट्याने परत जातं.

चार, क्रॉनने चालवायची पीएचपी फाइल वेबसाइटच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवतो. नाहीतर पत्ता कळलेला कोणीही ती ब्राउझरमधून चालवेल. वर्डप्रेसवाल्यांनो, तुमचं डब्ल्यूपी-क्रॉन हे खरं क्रॉन नाही. कोणी साइटवर आलं तरच ते जागं होतं. रात्रभर कोणी फिरकलं नाही, तर काम पाहुण्याची वाट बघत बसतं.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. काम नीट झालं, फाइल पुरेशी मोठी आहे, हे तपासल्यावरच स्क्रिप्ट दुसऱ्या एका सर्व्हरला ‘झालं’ असा निरोप देते. सकाळपर्यंत निरोप आला नाही, तर तो सर्व्हर मला मेसेज करतो. बिघाड झाला की कळवा, अशी व्यवस्था बिघाडातच बंद पडू शकते. म्हणून निरोप न येणं हाच इशारा. शिवाय महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये भरून बघतो. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा आता विश्वास नाही.

वाचनालयाचं काय झालं? सोमवारी सकाळी ग्रंथपाल मॅडमना जाऊन खरं ते सांगितलं. त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं. साइट सुरू झाल्यावर मीच त्यांना म्हटलं होतं, आता हे बंद करा. त्यांनी केलं नव्हतं. “अरे, तुझं ते मला उघडून बघता येत नाही ना,” एवढंच म्हणाल्या. तीन रविवार बसून मी सगळ्या नोंदी परत भरल्या.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर आपला शेवटचा बॅकअप एकदा उघडून बघा. काय सापडलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!