बी-साइडच्या आडोशाने टिकलेली गाणी

‘द एल्गर सिस्टर्स’ या जोडीत बहीण कुणीच कुणाची नव्हती, बाईसुद्धा एकच. ती गायिका ब्योर्क, जेमतेम विशीची. जोडीदार गिटारवादक गुद्लौगुर ओत्तार्सन; तिच्याहून अकरा वर्षांनी मोठे, गणितात आणि यंत्रांत रमणारे. आइसलँडमधल्या या दोघांनी 1984 ते 1986 या काळात काही गाणी रचली आणि ध्वनिमुद्रित केली. अल्बम मात्र निघालाच नाही.

तेव्हाचा आइसलँड म्हणजे सुमारे 2 लाख 40 हजार माणसांचा देश. संगीतवाले सगळे एकमेकांच्या ओळखीचे, त्यामुळे एकच माणूस दोन-तीन बँडमध्ये सर्रास दिसायचा. हे दोघेही ‘कुक्ल’ नावाच्या बँडमध्ये होते. कुक्लचं संगीत कर्कश, अंगावर येणारं. त्या गदारोळात ज्याला जागा नव्हती ते या जोडीने बाजूला बसून केलं. ‘सिदास्ता येग’ ऐकलं की ते लगेच कळतं: गिटार आणि एक गळा, ओरडण्याची घाई नाही. 1986मध्ये कुक्ल मोडला. त्याच वर्षी निघालेल्या ‘शुगरक्यूब्ज’मध्ये ब्योर्क गेली, गुद्लौगुर नव्हते. जोडी तिथेच विरली.

मग यातली काही गाणी आपल्यापर्यंत आली कशी? श्रेय सीडीच्या धंद्याला द्यावं लागतं. 1990च्या दशकात ब्रिटनमध्ये एकाच गाण्याच्या दोन वेगळ्या सीडी काढायची रीत होती. चाहत्याने दोन्ही घ्याव्यात आणि गाणं विक्रीच्या यादीत वर चढावं, हा हिशेब. अशा प्रत्येक सीडीवर मुख्य गाण्यामागे भरतीची गाणी, म्हणजे बी-साइड, लागत. 1993मध्ये ब्योर्कचा ‘डेब्यू’ हा अल्बम गाजला, तेव्हा हा जुना साठा कामी आला. ‘व्हीनस ॲज अ बॉय’च्या एका सीडीवर ‘स्तिग्दू मिग’ आलं; ‘बिग टाइम सेन्शुअ‍ॅलिटी’बरोबर ‘सिदास्ता येग’ आणि ‘ग्लोरा’. व्यापारी लबाडीने कलेचं असं भलं क्वचितच केलं असेल! आजच्या स्ट्रीमिंगमध्ये मागची बाजूच उरलेली नाही, त्यामुळे अशा अवघड गाण्यांना शिरायला फटही नाही.

जोडीची सगळी मुद्रणं एका अल्बमरूपाने बाहेर आलेली नाहीत, आणि माझ्या मते ती यायला हवीत. ब्योर्कचा कच्चा माल म्हणून नव्हे, तर गुद्लौगुर यांच्या गिटारसाठी. तोवर 2002चा ‘फॅमिली ट्री’ हा संच शोधा. त्यात ‘सिदास्ता येग’ आणि ‘ग्लोरा’ दोन्ही आहेत.