फ्लाइट सिम्युलेटरसाठी ग्राफिक्स कार्ड: आधी स्क्रीन विचारा

पीसी असेंब्लीचा धंदा सुरू करताय? फ्लाइट सिम्युलेटरवालं गिऱ्हाईक आलं की कार्डाचा भाव सांगायच्या आधी स्क्रीन कोणती ते विचारा. फुल एचडीत सुमारे 21 लाख पिक्सेल, फोर-केत 83 लाख. म्हणजे चौपट पिक्सेलचं काम. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024 साठी कंपनीच 8 जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, सुचवते. सगळ्यात वरच्या दर्जासाठी 12.

गिऱ्हाईकाकडे जुना पीसी असेल तर रिझोल्यूशन कमी करून बघा. एफपीएस वाढला तर कार्ड कमी पडतंय. तेवढाच राहिला तर बहुधा प्रोसेसर. मग नवं कार्ड गळ्यात मारू नका. पॉवर सप्लायचे वॉटही तपासा. पैसे वाचलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळीही तुमच्याच दुकानात येतं.