वैद्याच्या अंगणातील फुलबाग : आनंद, वैताग आणि बोध

औषधी वनस्पतींच्या लागवडीचा विषय निघाला की अश्वगंधा, शतावरी, गुळवेल यांची नावे प्रथम पुढे येतात. घरापुढील फुलझाडांकडे मात्र केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाते. वस्तुतः जपा, मल्लिका, जाती, तरुणी, करवीर ही सर्व आपल्या ग्रंथांतील द्रव्ये होत. चरकाचार्यांनी सुगंधी पुष्पधारणास सौमनस्य देणारे म्हटले आहे, आणि ग्रीष्मचर्येत शीतल वने, जल व फुले यांच्या सेवनाचा उपदेश केला आहे. तेव्हा वैद्याने अंगणात फुलबाग राखणे हा केवळ छंद नसून शास्त्राभ्यासाचा एक भाग आहे, असे आम्ही मानतो. शिरूर व दौंड या तालुक्यांत ही बाग राखताना जो आनंद मिळतो आणि जो वैताग सोसावा लागतो, त्या दोहोंतून व्यवसायाला उपयुक्त असे काय हाती येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

देशपरीक्षा

घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. येथील सरासरी पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वर्णिलेला जांगल देश तो हाच, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु चासकमानचा कालवा शिरूर तालुक्यात आणि खडकवासल्याचा कालवा दौंड तालुक्यात आल्यापासून चित्र पालटले. उसाला वर्षानुवर्षे पाणी देऊन कालव्यालगतच्या कित्येक जमिनी चिबड व चोपण झाल्या. एकाच तालुक्यात माळावरची जमीन जांगल, तर कालव्याकाठची आनूपासारखी, अशी स्थिती आहे. म्हणून शेजारच्या गावात फुललेली जाई आपल्या अंगणात का फुलत नाही, याचे उत्तर रोपवाटिकेत नव्हे, तर आपल्याच मातीत व पाण्यात शोधावे लागते. रोप आणण्यापूर्वी माती व विंधनविहिरीचे पाणी तपासून घेणे ही बागेची देशपरीक्षाच होय.

झाडाचा पांडुरोग

या भागातील बागप्रेमींची सर्वांत मोठी तक्रार पिवळ्या पानांची. जास्वंद, गुलाब व मोगरा यांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी कमी पडले असावे या समजुतीने लोक अधिक पाणी घालतात आणि झाड अधिकच खंगते. चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही, हे त्याचे खरे निदान. हा झाडाचा पांडुरोगच म्हणावयाचा, आणि त्यावरील औषधही आपल्या परिचयाचे आहे. रसशास्त्रातील कासीस, म्हणजेच बाजारात मिळणारे हिराकस. ते नुसते मातीत टाकल्यास चुनखडीमुळे लवकरच निरुपयोगी होते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावे, अथवा एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस घालून ताजे द्रावण सायंकाळी पानांवर शिंपडावे. निचरा सुधारल्याखेरीज मात्र हा उपाय टिकत नाही. निदानपरिवर्जन येथेही प्रथमच येते.

या संदर्भात सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ अवश्य पाहावा. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील हस्तलिखितावरून डॉ. नलिनी साधले यांनी केलेले त्याचे भाषांतर १९९६ मध्ये सिकंदराबादहून प्रसिद्ध झाले. सुरपालाने झाडांचे रोग वात, पित्त, कफ या भेदांनी मांडले आहेत. खारट, आंबट, तीक्ष्ण द्रव्यांच्या अतिसिंचनाने पित्तज रोग होतात आणि पाने पिवळी पडतात, असे तो सांगतो. विंधनविहिरीचे खारे पाणी झाडांना घालणाऱ्या दौंडकराला हे वर्णन आपल्याच अंगणाचे वाटेल.

जास्वंद आणि पिठ्या ढेकूण

रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात, तर सिद्धटेकचा सिद्धिविनायक दौंड तालुक्याच्या सीमेवर, भीमेच्या पैलतीरी. त्यामुळे तांबड्या जास्वंदीला या भागात विशेष मान. चतुर्थीच्या पहाटे कुंपणालगतची फुले मालकाच्या आधी दुसराच कोणी नेतो. त्याचा राग फार काळ टिकत नाही, कारण फूल अखेर देवाकडेच जाते. खरा शत्रू निराळा आहे. कापसासारख्या पांढऱ्या पुंजक्यांनी शेंडे वेढणारा पिठ्या ढेकूण एका आठवड्यात झाड विद्रूप करतो. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला जणू राखण देतात, म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसताच सावध व्हावे. ग्रासलेले शेंडे छाटून नष्ट करावेत, पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवावे, आणि ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारावी. आठ-दहा दिवसांनी हा उपचार पुन्हा करावा लागतो. एका फवारणीत कीड जात नाही, जसा एका मात्रेत जीर्णरोग जात नाही.

काल

पारिजातक हिवाळ्यापासून पाने गाळू लागतो. उन्हाळ्यात उघडा पडलेला वृक्ष वाळला असे समजून तोडून टाकल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. तोच वृक्ष पावसानंतर पालवतो आणि शरदात पहाटे अंगणभर केशरी देठांचा सडा घालतो. गृध्रसीवर ज्या पानांचा काढा आपण देतो, ती पाने वर्षभर सारखी मिळत नाहीत, हे पुड्यातील चूर्ण वापरणाऱ्यास कळत नाही. अंगणात झाड असणाऱ्यास कळते. मोगऱ्याचेही तसेच. थंडीत पाणी तोडून, छाटणी करून त्याला विश्रांती द्यावी लागते, तेव्हा कोठे तो चैत्र-वैशाखात बहरतो.

अंगणातील विष

कण्हेर पाण्यावाचून तगते, शेळ्या तिला तोंड लावीत नाहीत, म्हणून या भागात ती कुंपणाला सर्रास लावतात. करवीर हे उपविषांत गणलेले द्रव्य आहे आणि शोधनाशिवाय ते वापरू नये, हे वैद्यास ठाऊक असते. शेजारच्या बालकास नसते. पांढऱ्या व तांबड्या कण्हेरीचे सर्वांग, तसेच पिवळ्या कण्हेरीचे, म्हणजे बिट्टीचे बीज हृदयावर घातक परिणाम करते. लहान मुले असलेल्या घरात बिट्टी लावूच नये. कोणी बी खाल्ल्याचा संशय आला तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

औषध की विष?

आता मुख्य मुद्दा. बाजारातील गुलाब दिसावयास निर्दोष असतो, कारण कीड लागू नये म्हणून त्यावर वारंवार फवारणी झालेली असते. आंतरप्रवाही कीटकनाशके रसातून सर्व झाडात पसरतात. पाकळ्या कितीही धुतल्या तरी ती जात नाहीत. अशा पाकळ्यांचा गुलकंद पित्तशमनासाठी गर्भिणीस वा बालकास देणे योग्य होईल काय? जास्वंदीच्या तेलाचीही तीच कथा. म्हणून अंगणात गावठी सुगंधी गुलाबाची चार झाडे असावीत. रोज मिळतील तेवढ्या पाकळ्या दुप्पट खडीसाखरेबरोबर बरणीत थर देऊन भराव्यात आणि बरणी उन्हात ठेवावी. रोपवाटिकेतून नव्याने आणलेल्या झाडाची फुले पहिल्या हंगामात औषधासाठी घेऊ नयेत. औषधाच्या झाडावर रासायनिक फवारणी करावीच लागली, तर ते झाड त्या हंगामापुरते शोभेचे समजावे.

मग चार पाकळ्या किडीने कुरतडलेल्या निघतात, पाऊस दगा देतो, कूपनलिका आटते, आणि हा व्याप कशासाठी असे मनात येते. तथापि द्रव्य कोणत्या भूमीत वाढले, कोणत्या काळी खुडले आणि त्यावर काय पडले, याची साक्ष वैद्य स्वतः देऊ शकतो, असे औषधालयात फारच थोडे उरले आहे. अंगणातील फुलांविषयी ती साक्ष देता येते. वैद्यबंधू-भगिनींनी येत्या पावसाळ्यात निदान एक गुलाब व एक पारिजातक आपल्या दारी लावावा, अशी आमची विनंती आहे.