जुन्या घरात पाहुणे

आपल्या भागात गावोगाव एखादे तरी बंद घर असतेच. दाराला कुलूप, ओसरीवर शेळ्या बसलेल्या, फुटक्या कौलांतून ऊन आत आलेले. घरधनी चाकणला नाहीतर पिंपरीला कामाला. जमिनीचा तुकडा कारखान्यांच्या वसाहतीत गेला. पैसा आला. त्यातून गाडी झाली, लग्ने झाली, पैसा संपला. घर तेवढे राहिले.

मग एक दिवस जुन्या लाकडाचा व्यापारी येतो. खांब आणि तुळया ठोकून पाहतो आणि म्हणतो, "रोख देतो, उद्याच गाडी आणतो." मुलगा म्हणतो, "देऊन टाका आबा. पाडू आणि स्लॅब टाकू." आबांना काय बोलावे ते सुचत नाही.

त्या आबांसाठी आम्ही हे लिहीत आहोत. घर धड असेल तर ते नीट करून शहरातल्या माणसांना एक-दोन रात्री राहायला देता येते. वर्षभर नाही, पण सुट्टीच्या दिवशी चार पैसे येतात.

कोण येणार आमच्या गावात, असे तुम्ही म्हणाल. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. पुढे १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ आले आणि कारखान्यांची रांग लागली, ती चाकणपर्यंत पोचली. त्या कारखान्यांत लातूर, बीड, बुलढाण्याकडून माणसे आली. ती मुळात खेड्यातलीच. पण त्यांची पोरे चौथ्या मजल्यावर वाढली. त्यांनी जाते पाहिलेले नाही, गाईची धार पाहिलेली नाही. अशी कुटुंबे येतात.

ही काही नवलाची गोष्ट नाही. बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी २००५ साली कृषी पर्यटनाचे केंद्र सुरू केले. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. इटली देशात तर यासाठी १९८५ साली कायदाच झाला. शेतकऱ्याने पाहुणे जरूर ठेवावेत, पण त्याचा मुख्य धंदा शेतीच राहावा, असे त्या कायद्यात आहे. हे आम्हांला फार पटते. शेत पडीक आणि दारात मोटारी, असे झाले तर पाहुण्यांना दाखवणार काय?

आता घराकडे वळू. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. खेड तालुक्यात आम्ही एक घर पाहिले. मालकाने हौसेने बाहेरून सगळे सिमेंट केले, वर रंग दिला. दोन पावसाळे गेले आणि भिंतीला पोट आले. असे का झाले? मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि ती ओल हवेत सोडून देते. सिमेंटने तिची वाट बंद होते. ओल आत कोंडते, माती भिजून मऊ होते आणि वरचा सिमेंटचा पापुद्रा भिंतीला सोडून पुढे येतो. बाहेरून सारे छान दिसते, आत भिंत कुजत असते.

त्यापेक्षा मातीचाच गिलावा बरा. पडलेल्या भिंतीची माती फेकू नका, ती चाळून घ्या. काळी माती घेऊ नका, ती वाळताना तडकते. मातीत थोडी रेती आणि बारीक भुसा घाला. पाणी घालून आठ दिवस मुरू द्या, रोज पायाने तुडवा. आधी एक छोटी वडी करून सावलीत वाळवा. वडीला भेगा पडल्या तर रेती वाढवा. बोटाने चोळून भुगा झाला तर रेती जास्त झाली. जमली की पहिला जाड हात द्या. तो पुरता वाळू द्या, मग दुसरा पातळ हात. वर चुन्याची सफेदी. हे सगळे आपल्या आजीला येत होते. आता त्याचे शिक्षण द्यायला शहरातून इंजिनियर येतात!

जोत्याकडेही पाहा. गावातले रस्ते दर वेळी काँक्रीटने उंच होत जातात आणि जुने जोते खड्ड्यात जाते. मग पावसाचे पाणी भिंतीला टेकते. भिंतीलगतची भर काढून पाण्याला वाट करून द्या. लाकडाला वाळवी आहे का, हे ठोकल्यावर कळते. आवाज पोकळ आला तर दाभण टोचून बघा. खराब तेवढाच भाग कापून जोड देता येतो.

छपरावरचे पाणी साठवा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. तुमचे छप्पर १०० चौरस मीटर असेल आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ६०,००० लिटर. काही वाया गेले तरी पन्हळ आणि टाकीचा खर्च वसूल होतो. संडास दोन खड्ड्यांचा बांधा. एक भरला की बंद ठेवायचा आणि दुसरा वापरायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे पुढे खत होते. खड्डे विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हवेत. पाहुणा पडवीत घोंगडीवर झोपेल, पण घाण संडास त्याला चालणार नाही.

एक गोष्ट पुरुषमंडळी विसरतात. पाहुणा आला की भाकरी कोण थापणार? चादरी कोण धुणार? म्हणून आधी घरातल्या बाईला विचारा. ती नको म्हणाली तर हा उद्योग करू नका. हो म्हणाली तर जेवणाचे पैसे तिच्या खात्यात जमा करा. पाहुणे परत येतात ते बहुधा तिच्या पिठल्यासाठी येतात. जाताना घरचे कांदे आणि इंद्रायणी तांदूळही घेऊन जातात. त्याला बाजारापेक्षा बरा भाव मिळतो.

रात्रीची काळजी घ्या. खेड तालुका जुन्नर वनविभागात आहे आणि उसात बिबट्या असतो. अंधार पडल्यावर पोरांना शेतात फिरू देऊ नका. अंगणात दिवा ठेवा. हे पाहुण्याला आल्याआल्याच सांगा, लपवू नका. तलावात पोहायला सोडू नका.

कागदांचेही बघावे लागते. घर चार भावांचे असेल तर चौघांची लेखी संमती आधी घ्या. नाहीतर पहिला पैसा आला की पहिले भांडण येते. गावठाणातल्या घरांसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देतात, ती काढून घ्या. कृषी पर्यटनाची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. प्रत्येक पाहुण्याचे नाव, पत्ता आणि ओळखपत्राची नक्कल वहीत ठेवा.

आता हिशेब. समजा, दोन खोल्या आहेत. रात्रीला खोलीचे १,५०० रुपये घेतले आणि महिन्यात सहा रात्री दोन्ही भरल्या, तर १८,००० रुपये झाले. त्यातून धुलाई, वीज, डागडुजी वजा करा. काही महिन्यांत दोनच रात्री भरतील. म्हणून कर्ज काढून पोहण्याचा हौद बांधू नका. हौदाला पाणी लागते, आणि हप्ता पाहुण्यांची वाट पाहत नाही. एक खोली नीट करा. तिच्या पैशातून दुसरी करा.

आणि पाहुणा बोलावण्याआधी त्या खोलीत घरच्यांनीच दोन रात्री झोपून पाहावे. डास किती येतात, दार आतून लागते का, रात्री संडासला जाताना पाय कुठे अडखळतो, हे सगळे समजते. त्यातली एक रात्र पावसाळ्यातली असावी. कोणते कौल गळते ते तेव्हाच कळते.