ऐकू येणं कमी होत चाललंय? सांकेतिक भाषा शिका, पण एकट्यानं नको

कसबा पेठ म्हटलं की आधी आठवतो तो पुण्याचं ग्रामदैवत असलेला कसबा गणपती. याच पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळापासून इथं तांब्या-पितळेची भांडी घडवली जातात. भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन जी चमकदार नक्षी उमटते, तिला मठारकाम म्हणतात. बंब, हंडे, घंगाळं बघायला माणसं हौसेनं येतात. पण हा ठोका वर्षानुवर्षं ज्यांच्या कानावर पडतो, त्यांच्या कानांचा विषय फारसा कुणी काढत नाही.

आणि विषय फक्त तांबट आळीचा नाही. कारखाना, मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती, तासन्‌तास कानात घातलेले इअरफोन, शिवाय वय. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठी ओलांडलेल्या लोकांपैकी २५ टक्क्यांहून जास्त जणांना त्रासदायक ठरेल इतकं ऐकू कमी येतं.

आधी नेमकं काय जातं?

कानाच्या आतल्या भागात केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, पण ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते.

नुकसान बहुतेक वेळा उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतं. म्हणजे आ, ओ, ऊ हे स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ असे आवाज निसटतात. म्हणून घरातले आजोबा म्हणतात, "आवाज येतोय रे, पण तू काय बोलतोस ते कळत नाही." आणि घरच्यांना वाटतं, हे सोयीचं तेवढंच ऐकतात.

ओठ बघून नाही का कळत?

थोडं कळतं, सगळं नाही. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पाल', 'बाल' आणि 'माल' म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात. क, ख, ग तर घशाजवळ तयार होतात, ते ओठांवर दिसतच नाहीत. त्यामुळे ओठ वाचणाऱ्याला निम्मं काम अंदाजावर करावं लागतं. दिवसभर अंदाज बांधून माणूस दमतो, मग हळूहळू गप्पांतून उठून जायला लागतो. खरं नुकसान इथं होतं.

मग सांकेतिक भाषा?

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठी किंवा हिंदीचे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचं व्याकरण आहे. 'तू कुठे राहतोस?' मधला 'कुठे' तिथं शेवटी येतो. काळ दाखवणारा 'काल' किंवा 'उद्या' सहसा सुरुवातीला येतो. भुवया, मान आणि चेहरा हाही वाक्याचाच भाग असतो.

ही भाषा आपल्याला अनोळखी का वाटते, यामागं इतिहास आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद झाली. खुणांऐवजी तोंडी बोलायला शिकवावं, असा ठराव तिथं झाला. त्याचा परिणाम जगभरच्या शाळांवर झाला आणि भारतातही बराच काळ तोंडी पद्धतीवरच भर राहिला. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र दिल्लीत सुरू झालं ते २०१५ मध्ये. या केंद्राच्या शब्दकोशात २०१८ साली ३ हजार शब्द होते, २०२१ पर्यंत ते १० हजार झाले. दरम्यान २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सांकेतिक भाषेला संवादाचं साधन म्हणून जागा दिली.

पन्नाशीत शिकता येते का?

येते. पण लहानपणापासून ही भाषा बोलणाऱ्यांइतकी सफाई येईलच असं नाही, आणि तेवढी लागतही नाही. सोबत एक गोष्ट लक्षात घ्या. दिल्लीचं केंद्र, ॲप, यूट्यूब हे सगळं शिकणाऱ्यापुरतं झालं. समोरच्याला येत नसेल, तर ही भाषा बोलायची कुणाशी? वडिलांनी दोनशे खुणा पाठ केल्या आणि मुलाला एकही येत नाही, तर घरात शांतताच राहणार.

म्हणून सुरुवात घरातून करा. जेवण, औषध, दवाखाना, पैसे, दुखतंय, कुठे, कधी, कोण आला, अशा रोजच्या पन्नासेक खुणा सगळ्यांनी मिळून शिका. मराठी बोलता बोलता त्या वापरल्या तरी चालतात. थोडं ऐकू येतंय तोवरच शिकायला लागलात तर शिकवणाऱ्याचं बोलणंही समजतं. शक्य असेल तर कर्णबधिर शिक्षकाकडूनच शिका, कारण ही भाषा त्यांची आहे.

जुन्या वाड्यातल्या अंधाऱ्या खोलीत खुणा दिसत नाहीत, त्यामुळे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर उजेड हवा. म्हातारपणी मोतीबिंदू असेल तर त्याचाही इलाज करून घ्या.

पण आधी कान तपासा

सांकेतिक भाषा हा श्रवणयंत्राला पर्याय नाही. दोन्ही सोबत चालतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. कधी कधी कानातला मळ एवढंच कारण निघतं. आणि एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण अशा वेळी उपचार लवकर मिळाले तर ऐकू येणं परतण्याची शक्यता वाढते.

घरात कुणी वारंवार "काय म्हणालास?" विचारत असेल तर चिडून "काही नाही, जाऊ दे" म्हणू नका. ऐकू कमी येणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतं ते हेच वाक्य. त्याऐवजी समोर बसा, सावकाश बोला आणि आजच्या आज एक खूण त्यांच्याबरोबर शिका.