नुकसान कुणाच्या नावावर?

वर्ध्याजवळच्या एका शिबिरात हवामानाचं सत्र कार्बनपासून सुरू झालंच नाही. सत्र घेणाऱ्या ताईंनी प्रत्येकाला घरचा सातबारा आणायला सांगितला होता. सेलू, देवळी, आर्वीकडची विशी-बाविशीतली पोरंपोरी. मोर्चात घोषणा द्यायला सगळे तरबेज, पण गाव नमुना सात फारसा कुणी नीट वाचलेला नव्हता. भोगवटादाराच्या रकान्यावर बोट ठेवून नाव मोठ्यानं वाचायचं होतं. वडील, आजोबा, काका. आईचं नाव निघालं ते वडील गेलेल्या घरांत, तेही वारसांच्या ओळीत. काही ठिकाणी तेवढंही नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ बायकांची पाहणी केली, तेव्हा ४० टक्के जणींना त्या कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता.

मग अतिवृष्टीचा पंचनामा करून बघायचा. पोरांपैकी एक तलाठी झाला, एक कृषी सहायक, एक ग्रामसेवक. कपाशी पाण्याखाली. नुकसान ३३ टक्के भरलं तर मदत, आणि ती खातेदाराच्या खात्यात. धुऱ्यावर एक मुलगी निंदणाला आलेली मजूर म्हणून उभी होती. शेतात पाणी साचलं तेवढ्या दिवसांची तिची मजुरी बुडाली. तलाठी झालेल्या पोरानं कागद उलटसुलट केला. तिच्यासाठी रकानाच नाही. आधी सगळे हसले. मग त्यानं विचारलं, "ताई, हिचं काय लिहायचं?" ताई काही बोलल्या नाहीत.

घोषणा घोटून घेणाऱ्या शिबिरांपेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं. तलाठ्याच्या टेबलापुढे घोषणा फार वेळ टिकत नाही, कागद टिकतो.

सत्रात कायदा त्यानंतर आला. हिंदू कुटुंबांत वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा देशभर २००५ पासून, महाराष्ट्रात १९९४ पासून. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ व्या कलमांत आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलं, तेही माळढोक पक्ष्याच्या खटल्यात. पक्ष्यावरून माणसांचा हक्क निघाला, हे पोरांना भलतंच आवडलं. "पण बाबाले नाव लावा म्हणून सांगू कशी?" या प्रश्नाला मात्र कोणतंही कलम पुरलं नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत पुरुषांनी आपल्या हातानं बायकांच्या नावे जमीन केली होती, हे ताईंनी सांगितलं. त्यावर बराच वेळ चर्चा चालली.

शेवटी ग्रामसभेसाठी अर्ज लिहायला घेतला. पावसात बुडालेल्या मजुरीची गावानं नोंद ठेवावी, एवढीच मागणी. पहिली सही कुणाची, यावर वाद पेटला. सरपंचाच्या पोराची घेतली तर काम लवकर होईल, असं मुलांचं म्हणणं. मुलींना मजूर बाईचीच सही हवी होती. तिला लिहिता येत नसेल तर अंगठा चालेल का, ते एकजण लगेच फोन करून विचारू लागली.